पाण्याचा रकाना

शुक्रवार दुपार. जुबैल. बाहेर सत्तेचाळीस.
एसीच्या पोटात काहीतरी खडखडतंय
आणि मी खाटेवर मांडी घालून
तीन सॉफ्टवेअर शेजारी शेजारी लावलीयत,
बाजारात तीन पडवळं हातात धरून
उगाच तोलत राहावं तशी.

पहिलं देखणं. चौदा दिवस फुकट, मग कार्ड.
दुसरं कायमचं फुकट, पण सगळं ढगात ठेवतं,
आणि ढगावर इथे माझा भरवसा नाही,
वर्षातून दोनदा उगवतो तो.
तिसरं जुनाट, एखाद्या निवृत्त मास्तरानं लिहिलेलं असावं.
बटणं राखाडी, अक्षरं मुंगीएवढी,
पण विचारतं सगळं.

माल्ट किती किलो? हॉप्स कधी घालणार,
उकळी फुटताना की उतरवताना?
(कढीलिंबाचंही असंच, वेळ चुकली की नुसता पाला.)
यीस्ट कुठलं?
समुद्रसपाटीपासून उंची?
शून्य, मी लिहितो.
समुद्राशी आमची बरोबरीच आहे.

मग पाण्याचा रकाना.
कॅल्शियम. मॅग्नेशियम. सल्फेट. क्लोराइड.
बाजूला गावांची यादी: पिल्सन, डब्लिन, म्युनिक,
ज्याचं पाणी हवं ते गाव निवडा.
जुबैल नाही त्यात. असणार कशाला.
पण जुबैलचे आकडे मला तोंडपाठ आहेत,
ते पाणी मी करतो.
बारा तासांची पाळी, अकरा वर्षं:
समुद्र आत घ्यायचा, पडद्यातून दाबायचा,
खारटपणा परत ढकलायचा.
पलीकडे निघतं ते इतकं निर्मळ
की त्याला कुठल्याच गावाची चव नसते.
मग ते चुनखडीतून फिरवतो,
थोडी जमीन कालवतो त्यात,
तेव्हा कुठे ते घशाला ओळख देतं.

पलीकडच्या खाटेवरचे शौकतअली,
मुलतानचे, वेल्डर, पाच वेळचे नमाजी,
चष्मा पुसत डोकावले.
“लोणचं घालतोस?”
“तसंच काहीसं. आंबवायचं असतं.”
मग सांगून टाकलं काय ते.
बराच वेळ गप्प बसले.
“आकडे आहेत तोवर हिशेब आहे,” म्हणाले,
“हिशेबाला कोण पकडतंय.”
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

खरंच, एक बाटली नाही, एक थेंब नाही.
इथे करणारही नाही.
इकामा, दोन मुलींची फी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन,
सगळं एकाच खिळ्याला टांगलंय.
पण बावीस पाककृती आहेत माझ्याकडे.
पाचवी पिवळीधमक. अकरावी काळी, कडसर.
सतरावीत नाचणी, मोड आणून वाळवलेली,
सत्त्वासाठी करतात तशी.
पहिल्या दोघांना नाचणी माहीतच नव्हती.
तिसऱ्यानं म्हटलं, नवीन धान्य जोडा.
नाव? नाचणी.
कुठली? आजऱ्याची.
जोडली, म्हणालं.
तेवढ्यावरच मी त्याला पसंत केलं.

पडद्यावरचा पेला भरला, मातकट तांबूस.
वर फेस. तो कधी बसत नाही.

नाचणी आजऱ्याची, मग पाणीही तिथलंच असू दे,
म्हणून गावांच्या यादीत नवीन गाव उघडलं.
नाव लिहिलं: हिरण्यकेशी.
कॅल्शियम?
माहीत नाही.
सल्फेट? क्लोराइड?
एकोणीस वर्षं तिचं पाणी ओंजळीनं प्यालो,
म्हशींच्या वरच्या अंगाला उभा राहून,
आणि तिचा एक आकडा माझ्याकडे नाही.
रोज समुद्राचे नमुने बाटलीत भरून
त्यावर तारीख टाकणारा मी.

अंदाजे काहीतरी टाकता आलं असतं.
नाही टाकलं.

खाली लाल अक्षरं आली:
पाण्याची माहिती अपुरी.
तरीही जतन करायचं?

हो, म्हटलं.
साडेपाचची बस खाली हॉर्न देत होती.
शौकतअलींनी कूस न बदलता विचारलं,
“झालं का तुझं लोणचं?”